ध्येयाची घडण : आचार्य धर्मानंद कोसंबी

आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपल्या शाळांच्या ग्रंथालयांतील कपाटांत हमखास आढळते. ‘भगवान बुद्ध’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘बौद्धसंघाचा परिचय’ हे ग्रंथ वाचलेले विद्यार्थी त्यांना पाली भाषेचे प्रकांड पंडित म्हणून ओळखतात. अशी ओळख आदराची खरी. परंतु पुष्कळदा हा आदरच माणसापर्यंत पोहोचण्याच्या आड येतो. ग्रंथकर्ता म्हटला की तो जन्मतः बुद्धिमान असावा, घरी अनुकूलता असावी, गुरू आणि ग्रंथ हाताशी असावेत असे आपण गृहीत धरतो. कोसंबींच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. ज्याला सलग असे शालेय शिक्षण मिळाले नाही, ज्याच्या गावी आणि घरी बौद्ध धर्माविषयी काही सांगू शकेल असा एकही मनुष्य नव्हता, त्याने आपल्या मनाची घडण कशी केली, हे पाहणे वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलामुलींना अधिक उपयोगी पडेल. म्हणून येथे त्यांच्या पांडित्याऐवजी त्या घडणीकडे अधिक लक्ष देण्याचा विचार आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साष्टी प्रांतात सांखवाळ या गावी झाला. वडिलांचे नाव दामोदर, आईचे आनंदीबाई. कुटुंब सारस्वत ब्राह्मणाचे, उपजीविका माडांच्या बागांवर. राज्य पोर्तुगीजांचे असल्यामुळे मराठी शिक्षणाची सोय अगदीच तुटपुंजी होती. लहानपणी ते अशक्त होते, आणि घरच्यांच्या व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मते बुद्धीनेही मंदच. शाळा कधी सुरू झाली, कधी सुटली; अखेर मुलाने बागांची देखरेख करावी हेच ठरून गेले. पंधराव्या वर्षाच्या सुमारास बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या काळच्या गोव्यातील सामान्य गृहस्थाचे आयुष्य जसे जाते तसेच त्यांचेही जावयाचे, असेच कोणीही म्हटले असते.

परंतु वाचनाची गोडी मात्र लागली होती. जे मराठी पुस्तक हाती पडे ते ते वाचीत. तुकोबांच्या गाथेने त्यांचे मन विशेष वेधून घेतले. या वाचनाने त्यांच्यात एक अस्वस्थता निर्माण केली, आणि ती अस्वस्थता घेऊन ते ऐन तारुण्यात घर सोडून निघालेही. पण काही दिवसांतच परत आले. असे एकदाच घडले नाही. चरित्रकार बहुधा असे प्रसंग एका ओळीत उरकतात. मला मात्र ते महत्त्वाचे वाटतात. घर सोडावे इतकी तीव्र इच्छा त्यांच्या ठायी होती. पण जावयाचे कोठे आणि कशासाठी, याचे उत्तर नव्हते. निव्वळ असंतोष मनुष्याला उंबरठ्याबाहेर काढू शकतो, त्याच्यापुढे तो फार दूर नेत नाही. परत आलेल्या तरुणाला गावात काय ऐकून घ्यावे लागते हे सांगावयास नको.

१८९७ साली ‘बालबोध’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. मुलांसाठी लिहिलेला एक लेख, इतकेच त्याचे स्वरूप. तो त्या महिन्यात किती जणांनी वाचला असेल आणि वाचून बाजूला ठेवला असेल! कोसंबींच्या मनात मात्र तो रुतून बसला. त्या असंतोषाला आता दिशा मिळाली. या महापुरुषाने खरोखर काय सांगितले ते मुळातून जाणावयाचे, आणि जाणल्यावर ते आपल्या मराठी बांधवांना सांगावयाचे, असा हेतू त्यांच्या मनात हळूहळू आकार घेऊ लागला. हा हेतू किती नेमका आहे ते पाहण्यासारखे आहे. मोठा विद्वान व्हावे, कीर्ती मिळवावी असे काही त्यात नाही. अमुक एक गोष्ट जाणून घ्यावयाची व ती अमुक लोकांपर्यंत पोहोचवावयाची, इतकेच. असा हेतू असला म्हणजे पुढचे पाऊल कोणते हे विचारता येते, आणि चुकलेले पाऊल चुकले हे ओळखताही येते.

१८९८ साली वडील वारले. पुढील वर्षी कन्या माणिक हिचा जन्म झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. या वेळी ते परतले नाहीत.

या ठिकाणी थांबावयास हवे. तान्ही मुलगी आणि तरुण पत्नी यांना आप्तांच्या आधारावर सोडून एक मनुष्य ज्ञानासाठी निघून जातो, या घटनेची नुसती स्तुती करणे योग्य होणार नाही. सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. पण यशोधरेच्या मागे एक राजकुल होते, बाळाबाईंच्या मागे कर्जाने व अडचणींनी गांजलेले घर होते. पती कोठे आहे, परत येणार की नाही, हे ठाऊक नसताना त्यांनी जवळजवळ सात वर्षे काढली. धर्मानंदांच्या ध्येयसिद्धीची किंमत एकट्या धर्मानंदांनी मोजलेली नाही. त्यांच्या ग्रंथांचे ऋण मानताना बाळाबाईंचेही ऋण मानणे मला आवश्यक वाटते.

पुण्यात त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली. प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या आश्रयाने काही काळ राहून संस्कृताचा आरंभ केला. बुद्धाविषयी शिकविणारे तेथे कोणी नव्हते. परंतु संस्कृतावाचून पुढचे पाऊल पडणार नाही एवढे स्पष्ट झाले. मग इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असा मुक्काम करीत ते १९०० साली काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात एक वेळचे जेवण मिळे. त्यावर दिवस काढून, अंगावर पुरेसे वस्त्र नसताना, शास्त्र्यांपाशी बसून त्यांनी व्याकरण घोटले. मंद ठरविला गेलेला तो मुलगा आता चोविशीत होता आणि आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलांच्या पंक्तीस बसून रूपे पाठ करीत होता. या वयात पहिलीचा धडा गिरवावयास लाज वाटू न देणे, ही त्यांच्या मनाची मोठीच कमाई म्हणावी लागेल.

काशीहून १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूला. तेथे त्याचा धर्म जिवंत असेल ही आशा. प्रवास पायी, थंडी कडाक्याची. काठमांडूला जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. ज्याच्या शोधात ते आले होते ते शास्त्र शिकविणारा कोणी तेथे भेटला नाही. अडीच वर्षांच्या हालअपेष्टांचे फळ असे हाती आले असता पूर्वीचा तरुण गोव्याची वाट धरता. या वेळी तसे घडले नाही, कारण त्यांच्यापुढे प्रश्न स्पष्ट होता: नेपाळात नाही, तर मग कोठे? ते बोधगयेस आले. तेथे त्यांना कळले की बुद्धवचन ज्या पाली भाषेत राहिले आहे, ती शिकण्याची सोय सिंहलद्वीपात आहे. कलकत्त्यास महाबोधी सभेच्या मंडळींशी ओळख झाली, आणि तेथून मद्रासमार्गे ते कोलंबोस पोहोचले.

कोलंबोचे विद्योदय परिवेण ही त्या काळची नामांकित पाली पाठशाळा. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी ती १८७३ साली स्थापन केली होती. या वृद्ध आणि विद्वान आचार्यांपाशी कोसंबींनी श्रामणेर दीक्षा घेतली व पालीचा अभ्यास सुरू केला. ज्या क्षणाची वाट पाहत ते गोव्यातून निघाले होते तो येथे आला. त्यांच्यापुढे बुद्धाची वचने मूळ भाषेत उघडली. पण ती सिंहली लिपीत होती. म्हणून आधी लिपी शिकणे आले. पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर ब्रह्मी लोकांची लिपी शिकणे आले. आज नागरी लिपीत छापलेले त्रिपिटक आपल्या हाताशी आहे, त्यामुळे या कष्टांची कल्पना येणे कठीण. एखादा ग्रंथ वाचण्यापूर्वी त्याची अक्षरे दोन-दोनदा नव्याने गिरवावी लागणे म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक.

सिंहलद्वीपातील आहार मानवला नाही, प्रकृती बिघडली; वर्षभरातच ते मद्रासला परतले, आणि तेथून ब्रह्मदेशात गेले. १९०४ च्या अखेरीस न्यानतिलोक नावाच्या जर्मन भिक्षूंबरोबर ते उत्तर ब्रह्मदेशात सगाईंगच्या डोंगरांत गेले आणि तेथील गुहेत एका थोर भिक्षूंच्या मार्गदर्शनाखाली ध्यानाचा अभ्यास केला. गोव्याचा एक आणि जर्मनीचा एक, असे दोन तरुण ब्रह्मदेशाच्या डोंगरात शेजारी-शेजारी बसून ध्यान करीत आहेत, हे चित्र मला फार हृद्य वाटते. कुशिनारा, सारनाथ, लुंबिनी या पुण्यस्थळांची यात्राही याच वर्षांतली. तेथे भिक्षापात्रात पडेल ते खाऊन ते राहिले.

बौद्ध वाङ्मयात कार्यसिद्धीच्या चार पायांचा, म्हणजे इद्धिपादांचा उल्लेख येतो: छंद, वीरिय, चित्त आणि वीमंसा. यांतला ‘छंद’ हा शब्द मराठीत येऊन अगदी हलका झाला आहे. तिकिटे जमविण्याचा छंद, पतंगाचा छंद असे आपण म्हणतो. पालीमध्ये तो कृती करू पाहणारी इच्छा दाखवितो. ती इच्छा कोसंबींपाशी सुरुवातीपासूनच होती, आणि प्रयत्न म्हणजे वीरियही होते. उणीव होती ती वीमंसेची, अर्थात आपण करीत असलेल्या गोष्टीची मधूनमधून परीक्षा करण्याची. पहिल्या फसलेल्या पलायनांत ती नव्हती. काशी, काठमांडू, कोलंबो या टप्प्यांवर ती कशी वाढत गेली हे पाहिले, की ही सात वर्षे नुसती भटकंती नव्हती हे कळून येते. विद्यार्थ्यांनी त्यांची जिद्द तेवढी घ्यावी आणि ही परीक्षक बुद्धी सोडून द्यावी, असे होऊ नये. नुसत्या जिद्दीने ते काठमांडूलाच अडून बसले असते.

१९०६ च्या आरंभी ते कलकत्त्यास परतले. चीवर उतरवून ते पुन्हा गृहस्थवेषात आले, आणि त्याच वर्षी कुटुंबाशी त्यांची भेट झाली. पुढील वर्षी पुत्र दामोदर याचा जन्म झाला. हेच पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी. कलकत्त्यात बहुभाषाकोविद हरिनाथ डे यांच्यासारख्यांचा त्यांना स्नेह लाभला. नॅशनल कॉलेज व कलकत्ता विद्यापीठ येथे त्यांनी पाली शिकविली. ज्याला कोणतीही पदवी नव्हती तो विद्यापीठात अध्यापक झाला होता. साध्या अर्थाने पाहिले तर ध्येय सिद्ध झाले होते.

मात्र त्यांच्या मूळ संकल्पाचा दुसरा भाग बाकी होता. जे शिकलो ते मराठी लोकांना सांगावयाचे होते, आणि ते कलकत्त्यात बसून होण्याजोगे नव्हते. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांचा परिचय झाला. महाराष्ट्रात कोठेही राहावे व बडोदे संस्थानासाठी ग्रंथ लिहावेत, या अटीवर महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देण्याचे ठरविले. कलकत्ता विद्यापीठ त्यांना दरमहा २५० रुपयांवर ठेवून घ्यावयास तयार होते. कोसंबींनी ५० रुपये पत्करले. घरी पत्नी व दोन मुले असताना घेतलेला हा निर्णय सोपा नव्हता, आणि संसाराच्या दृष्टीने तो शहाणपणाचा होता काय, याविषयी दुमत होऊ शकेल. संकल्पाच्या दृष्टीने मात्र तो सुसंगत होता. बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांतून १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटे पुस्तक तयार झाले. बौद्ध धर्माची सरळ, सोपी, मूळ पालीवर आधारलेली ओळख करून देणारे पुस्तक त्या काळच्या मराठी वाचकाच्या हाती असे पडले. डॉ. भांडारकरांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठात पाली भाषेचा शिरकाव झाला, त्यामागेही कोसंबींची खटपट होती.

याच सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याकडून निमंत्रण आले. आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने हाती घेतले होते. १८९९ साली त्याच्या निधनामुळे ते अपुरे राहिले होते. १९१० मध्ये कोसंबी त्यासाठी हार्वर्डला गेले. सिंहली व ब्रह्मी हस्तलिखितांतील पाठभेद पाहून मूळ पाठ निश्चित करण्याचे हे अत्यंत किचकट काम त्यांनी केले. परंतु तेथील प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी, ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे असावे या प्रश्नावरून मतभेद झाले. आपण केलेल्या कामाची नोंद साहाय्यक म्हणून तळटीपेत व्हावी हे कोसंबींना मान्य नव्हते. १९१२ मध्ये काम तसेच सोडून ते परत आले. यात त्यांचा हेकेखोरपणा पाहणारे असतील. मला तसे वाटत नाही. परतंत्र देशातील एका पदवीहीन पंडिताने आपल्या श्रमाचे मोल आपणच उणे मानले असते, तर इतरांनी ते अधिक का मानावे?

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे त्यांनी पाली शिकविली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे जागतिक कीर्तीचे पाली पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. चिमणराव निर्माण करून महाराष्ट्राला हसविणारे चिं. वि. जोशी हेदेखील कोसंबींचेच पालीचे विद्यार्थी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्याला गुरूच्या शोधात नेपाळ आणि लंका गाठावी लागली, त्याच्यामुळे पुढच्या पिढीला पाली पुण्यातच शिकता येऊ लागली.

१९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले, या खेपेस माणिक व दामोदर यांना घेऊन. माणिक तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली. बाळाबाई मायदेशीच राहिल्या. यानंतरही ‘विसुद्धिमग्गा’साठी त्यांनी अमेरिकेच्या वाऱ्या केल्या. मधल्या काळात ते महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात होते. १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड येथे जाऊन आले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवासही भोगला. या सर्व घडामोडींचा तपशील देण्याचे हे स्थळ नव्हे. त्यांच्या विचारांत मात्र या काळात मोठी भर पडली. अमेरिकेत असताना समाजवादी वाङ्मय त्यांनी मन लावून वाचले होते, आणि बुद्धाची करुणा व कष्टकऱ्यांचा प्रश्न या गोष्टी त्यांच्या मनात जवळ येऊ लागल्या होत्या.

त्यातूनच मुंबईत परळ भागात १९३७ च्या सुमारास बहुजन विहार उभा राहिला. बिर्ला कुटुंबाच्या देणगीतून बांधलेला हा विहार गिरणी कामगारांच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांच्या वस्तीत असावा, ही कोसंबींची इच्छा होती. हार्वर्डच्या ग्रंथालयात बुद्धघोषांचा पाठ शुद्ध करणारा मनुष्य तेथे चाळीतल्या लोकांमध्ये राहून त्यांना बुद्धाविषयी सांगू लागला. मुळातला संकल्प मराठी बांधवांना सांगण्याचा होता. हे बांधव कोण, याचा अर्थ वीस-तीस वर्षांत त्यांच्यासाठी पुष्कळच रुंदावला होता.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे साहित्य अकादमीमार्फत तो इतर भारतीय भाषांतही गेला. या ग्रंथात त्यांनी वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही परंपरागत कथा तपासून बाजूला सारली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या कलहाकडे लक्ष वेधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाचा प्रसंग याच कलहाशी जोडलेला आहे. एका मासिकातील कथा वाचून ज्याने घर सोडले, त्याने अखेरीस त्या कथेचीच मुळापासून तपासणी केली, ही गोष्ट कोसंबींच्या स्वभावाला धरूनच झाली.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे धर्मानंदांनी देह ठेवला. ‘विसुद्धिमग्गा’ची नागरी आवृत्ती त्यांनी १९४० साली भारतीय विद्या भवनातर्फे प्रसिद्ध केली होती. हार्वर्डची आवृत्ती मात्र अद्याप छापून निघावयाची होती. ती हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा एकेचाळिसावा खंड म्हणून १९५० मध्ये बाहेर पडली. मुखपृष्ठावर वॉरनचे नाव संपादक म्हणून आणि धर्मानंद कोसंबी यांचे नाव संशोधक म्हणून छापलेले आहे.